घराला पैसा पुरतो का? जोडीदाराच्या व्हिसामागच्या आकड्याचा इतिहास

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथं उतरवला आहे. ‘म्हणजे बघा’, ‘काय म्हणतात त्याला’ वगैरे काढून टाकलं आहे, बाकी बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.

आजचा विषय एक आकडा आहे. २९,०००. पौंड, वर्षाला. ब्रिटिश नागरिकाला किंवा तिथं कायम राहण्याचा हक्क असलेल्या माणसाला नवरा किंवा बायको परदेशातून आणायची असेल, तर साधारणपणे एवढं उत्पन्न कागदावर दाखवावं लागतं. ११ एप्रिल २०२४ च्या आधी हा आकडा १८,६०० होता. २०१२ च्या आधी तर असा आकडाच नव्हता. मग तो आला कुठून, आणि त्याच्या आधी काय विचारत होते?

मला हे शोधावंसं का वाटलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुठं आहे ते तुम्हाला कळेल. मी बिरसीला राहतो. गोंदियापासून दहा-बारा किलोमीटर, धानाच्या बांध्यांमधलं गाव. विमानतळामुळे नाव ऐकलं असेल. बीटेक झालं, पुण्यात तीन वर्षं काढली, आणि आता घरूनच एका परदेशी कंपनीचं बॅकएंडचं काम करतो. माझा दिवस दुपारी सुरू होतो, कारण लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं. माझी बायको जन्माने ब्रिटिश, घरातून मराठी. ती तिथं अर्धवेळ नोकरी करते आणि उरलेल्या वेळात शिकते. तिचा पगार २१,००० पौंड. माझा त्याहून जास्त. दोघांचा मिळून संसार आरामात चालेल. पण व्हिसाच्या गणितात मी अर्जदार, परदेशात बसलेला, त्यामुळे माझा पगार मोजतच नाहीत. कमी नाही, जास्त नाही, शून्य धरतात.

हे मी बाबांना समजावून सांगत होतो. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, “मंग तू कमावतेस ते का पैसे नोहोत?” 

प्रश्न बरोबर आहे. पैसे आहेत की. फक्त ते ज्या रकान्यात यायला हवेत तिथं नाहीत. आणि हा रकाना कसा तयार झाला, ही खरी गोष्ट आहे.

सुरुवात मी आपल्याच माणसांपासून करतो. गोपाळराव जोशी. आनंदीबाईंचे यजमान, टपाल खात्यात नोकरीला. १८७८ मध्ये त्यांनी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. आपण हे पत्र बायकोच्या शिक्षणासाठी म्हणून लक्षात ठेवतो, पण त्यात दुसरी मागणीही होती. बायको शिकत असताना मला अमेरिकेत काही काम मिळेल का, म्हणजे दोघंही तिथं राहू शकू, अशी. उत्तर आलं ते धर्मांतराच्या सल्ल्याचं. पत्रव्यवहार मात्र एका मासिकात छापला गेला, १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर यांच्या वाचनात आला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. एकट्या. दोघांच्या प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे नव्हते, आणि गोपाळरावांची नोकरी होती श्रीरामपूरच्या टपाल कचेरीत, हुगळीच्या काठी.

म्हणजे एकाचा पगार एका देशात आणि संसार दुसऱ्या देशात, ही अडचण मराठी घराला नवी नाही. फरक एवढाच की तेव्हा अडवणारं कार्यालय नव्हतं, तिकिटाचे पैसे अडवत होते. कायदा अगदीच नव्हता असंही नाही. ऑगस्ट १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आठ महिने आधी, अमेरिकेने एक कायदा केला होता. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, सरकारी तिजोरीवर भार होऊ शकेल असा माणूस उतरवून घ्यायचा नाही. ‘भार होईल का?’ हा प्रश्न तिथून दीडशे वर्षं चालत आला आहे. त्यात आकडा नव्हता. बंदरावरचा अधिकारी माणसाकडे बघून ठरवायचा. आणि ‘बघून’ ठरवण्यात काय काय येतं ते वेगळं सांगायला नको. पुढे १९१० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कितीतरी हिंदुस्थानी मजुरांना याच कलमाखाली परत पाठवलं गेलं.

आकडा पहिल्यांदा ठळक दिसतो तो कॅनडात. १९०८ मध्ये कॅनडाने दोन गोष्टी केल्या. पहिली, जन्मदेशातून एकाच सलग प्रवासात आलं पाहिजे. हिंदुस्थानातून तशी थेट तिकिटं मिळूच नयेत अशी व्यवस्था झालेली होती. दुसरी, आशियातून येणाऱ्याच्या खिशात २०० डॉलर असले पाहिजेत. आधी ही रक्कम २५ होती. व्हँकुव्हरच्या लाकूड गिरण्यांत तेव्हा मजुरी दिवसाला डॉलर-दोन डॉलरच्या घरात, त्यावरून २०० म्हणजे काय ते समजा. रक्कम अशीच निवडली होती की माणूस अडावा.

यात सगळ्यात जास्त अडल्या त्या बायका. गिरणीत काम करणारे, जमीन घेतलेले, गुरुद्वारा उभारलेले शीख पुरुष तिथं स्थिरावले होते, पण घर पंजाबात. भाग सिंग आणि बलवंत सिंग हे दोघे आपल्या बायकांना आणायला हिंदुस्थानात परत आले, आणि १९१२ च्या सुरुवातीला कुटुंबासह व्हँकुव्हरला पोचले. पुरुषांना उतरू दिलं, कारण ते आधीचे रहिवासी. बायकामुलांना परत पाठवायचा हुकूम. बराच झगडा झाला, शेवटी सरकारने त्यांना राहू दिलं, पण शब्द काय वापरले, तर ‘कृपा म्हणून’. हक्क म्हणून नाही. पुढे कुणी दाखला देऊ नये म्हणून. १९१७-१८ च्या साम्राज्य परिषदांमध्ये हिंदुस्थानच्या वतीने एस. पी. सिन्हा यांनी हाच विषय लावून धरला, आणि १९१९ मध्ये कॅनडाने बायकामुलांना येऊ द्यायचं मान्य केलं. तोवर भाग सिंग यांचा व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्यात गोळी घालून खून झाला होता आणि बलवंत सिंग यांना लाहोरला फाशी झाली होती. ती गदरची गोष्ट, तिच्यासाठी वेगळा भाग करावा लागेल.

आता ब्रिटनकडे येतो, कारण माझा आकडा तिथला.

१९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानंतर राष्ट्रकुलातल्या कुठल्याही नागरिकाला ब्रिटनमध्ये जाऊन राहायला, काम करायला परवानगी लागत नव्हती. १९६२ पर्यंत असंच होतं. हे वाचल्यावर मी थोडा वेळ थांबलो. माझे आजोबा त्या काळात बिरसीला दुसऱ्याच्या शेतात रोवणीला जायचे. ब्रिटिशांनी १९४० मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, इथं धावपट्टी केली, आणि ती पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे आजोबा उद्या सकाळी लंडनला जाऊन राहू शकत होते. त्यांना ते माहीत नव्हतं, आणि माहीत असून उपयोग नव्हता. बोटीचं भाडं नव्हतं. शिवाय आपलंच सरकार तेव्हा गरीब, कमी शिकलेल्या माणसाला ब्रिटनसाठी पासपोर्ट द्यायला नाखूश असे. पासपोर्ट हा सरकारच्या मर्जीचा विषय होता. १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. म्हणजे ब्रिटनचं दार उघडं होतं तेव्हा आपल्या दाराला कडी होती, आणि इकडची कडी निघाली तोवर तिकडचं दार लागलं होतं.

१९६२ मध्ये ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या लोकांवर निर्बंध आणले. पण बायको आणि १६ वर्षांखालची मुलं यांना सूट होती. तिथं राहणाऱ्या माणसाची बायको आहे एवढं सिद्ध केलं की झालं. १९७१ च्या कायद्यानेही १९७३ च्या आधीपासून स्थायिक असलेल्या पुरुषांच्या कुटुंबांसाठी ही सूट राखून ठेवली. ती १९८८ मध्ये काढली. तेव्हापासून त्या बायकांनाही सरकारी मदतीशिवाय निभाव लागेल हे दाखवायची वेळ आली.

पण त्या मधल्या काळात, साठ ते नव्वदच्या दशकांत, मुख्य प्रश्न पैशाचा नव्हताच. प्रश्न होता की लग्न खरं आहे का. आणि ते तपासायला कुठल्या थराला गेले ते वाचताना अंगावर काटा येतो. जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची, जी आपल्या होणाऱ्या नवऱ्याकडे आली होती, डॉक्टरकडून कौमार्य तपासणी केली गेली. तर्क असा की ती खरंच वाग्दत्त वधू असेल तर कुमारी असेल. १ फेब्रुवारीला ‘गार्डियन’ने बातमी छापली, इथं संसदेत आणि तिथं रस्त्यावर गदारोळ झाला, आणि प्रथा बंद झाल्याचं जाहीर केलं गेलं. नंतर उघड झालं की अशा तपासण्या भारतातल्या ब्रिटिश कचेरीतही झाल्या होत्या.

शरीर झालं, मग मन. १९८० पासून नवऱ्यांसाठी ‘मुख्य हेतू’ नावाचा नियम आला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलीशी लग्न करून येऊ पाहणाऱ्या मुलाने सिद्ध करायचं की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहायला मिळावं हा नव्हता. नव्हता हे सिद्ध करा! आमच्या क्षेत्रात कुणी म्हणालं की या प्रोग्राममध्ये एकही बग नाही हे सिद्ध कर, तर आम्ही लॅपटॉप बंद करून चहाला जातो. त्या मुलांना तशी सोय नव्हती. मुलाखतीत विचारत, लग्नानंतर कुठं राहणार? तो म्हणाला ब्रिटनला, तिथं पगार चांगला आहे, की संपलं. नकाराच्या पत्रांत आणखी एक तर्क असायचा. भारतात रीत अशी की बायको नवऱ्याच्या घरी जाते, मग हा उलटा का निघालाय? म्हणजे आपल्याकडे घरजावयाला जे टोमणे मारतात, तेच टंकलिखित होऊन सरकारी शिक्क्यानिशी यायचं.

या सगळ्यात बायकांना नवरा आणणं पुरुषांना बायको आणण्यापेक्षा अवघड होतं. तीन स्त्रिया, अब्दुलअझीज, कबालेस आणि बाल्कंडाली, हे घेऊन युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या. २८ मे १९८५ ला निकाल लागला की हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. ब्रिटनने भेदभाव दूर केला, कसा? नवऱ्यांचे नियम सैल करून नाही, बायकांचे नियम तेवढेच कडक करून. समानता आली बाप्पा. ‘मुख्य हेतू’चा नियम शेवटी जून १९९७ मध्ये सत्तापालटानंतर रद्द झाला.

आता इथून पुढे पैसा पुढे येतो. तो नियमांत आधीही होता, पण एका वाक्यात. जोडप्याला सरकारी मदत न घेता पुरेसा निर्वाह आणि पुरेशी जागा असावी. ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे अधिकारी ठरवणार. २००६ मध्ये एका न्यायाधिकरणाने त्याला तळ घालून दिला. कर आणि घरभाडं वजा जाता जोडप्याच्या हातात किमान तेवढं उरावं, जेवढं तिथं बेकार जोडप्याला सरकारी भत्ता म्हणून मिळतं. ते वर्षाला साधारण ५,५०० पौंड होतं. त्यात तर्क होता, सरकार ज्यावर माणूस जगू शकतो म्हणतं त्यावर तुम्हीही जगू शकाल.

आणि मग डिसेंबर २००९. हा निकाल मी या सगळ्या इतिहासातला कळीचा मानतो, जरी त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माहद आणि इतरांच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न असा होता की निर्वाहाचा पैसा कुणाचा असावा. भाऊ, काका, मुलगा पैसे देणार असतील तर चालतील का? न्यायालय म्हणालं, चालतील. मदत खरी आणि भरवशाची आहे का तेवढं अधिकाऱ्याने पाहावं. आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला हे सांगायची गरज पडत नाही. थोरला भाऊ दुबईत, तो पैसे पाठवतो, त्यावर धाकट्याचं शिक्षण आणि बहिणीचं लग्न होतं. घराचं उत्पन्न म्हणजे घराचं उत्पन्न. न्यायालयाने तेच मान्य केलं होतं.

हे अडीच वर्षं टिकलं. सरकारने स्थलांतर सल्लागार समितीला विचारलं की जोडीदार आणणाऱ्याचं किमान उत्पन्न किती असावं, म्हणजे करदात्यांवर भार पडणार नाही. समितीत अर्थतज्ज्ञ. त्यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये १८,६०० ते २५,७०० असा पट्टा सुचवला, आणि आपण फक्त आर्थिक बाजू पाहिली आहे हेही सांगितलं. १८,६०० का? कारण साधारण तेवढं उत्पन्न असलं की जोडप्याला उत्पन्नावर आधारित सरकारी मदत मिळणं बंद होतं. आता गंमत बघा. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या माणसाला तशीही अशी सरकारी मदत घेता येत नाही, ते व्हिसावरच लिहिलेलं असतं.

९ जुलै २०१२ पासून नियम लागू झाले. लोकांना आकडा लक्षात राहिला. माझ्या मते आकड्यापेक्षा मोठा बदल रकान्यांचा होता. पैसा कुणाचा, कुठल्या प्रकारचा, किती महिन्यांचा, कुठल्या कागदावर, सगळं वर्गवारीत बसवलं. नोकरीचा पगार एका वर्गात, स्वतःचा धंदा दुसऱ्या, भाडं-लाभांश तिसऱ्या, बचत चौथ्या, पेन्शन पाचव्या. अमुक एकत्र धरता येतील, तमुक येणार नाहीत. नातेवाइकांची मदत बाद. आणि परदेशातल्या अर्जदाराचा पगार बाद, तो ब्रिटनमध्ये कामाच्या परवानगीसह आधीच राहत असेल तरच धरायचा. ब्रिटिश जोडीदार स्वतः परदेशात राहत असेल आणि दोघं परत येणार असतील, तर त्याने तिकडचा पगार दाखवायचाच, वर ब्रिटनमध्ये परतल्यावर तीन महिन्यांत सुरू होणारी नोकरीही हातात असली पाहिजे.

म्हणजे ‘घराला पैसा पुरतो का’ हा प्रश्न गेला आणि त्या जागी ‘ठरावीक माणसाकडे ठरावीक कागद आहे का’ हा प्रश्न आला. इंजिनीअर म्हणून मला याचं आकर्षण समजतं, खोटं कशाला बोलू. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलं तर काय होतं ते आपण वर पाहिलंच. बंदरावरचा ‘बघून’ ठरवणारा, मुलाखतीत हेतू शोधणारा. त्यापेक्षा फॉर्म बरा, इफ आणि एल्स. सगळ्यांना एकच नियम. पण ज्याने कधी फॉर्मचं व्हॅलिडेशन लिहिलंय त्याला ठाऊक असतं की नियम लिहिताना डोळ्यासमोर एक वापरणारा असतो. इथं डोळ्यासमोर होता तो ब्रिटनमध्ये पगारी, पूर्णवेळ नोकरी करणारा, आणि त्याच्यावर अवलंबून येणारी बायको. उलटं असू शकतं, येणाराच कमावता असू शकतो आणि विमानात बसून इकडची नोकरी तिकडे घेऊन जाऊ शकतो, हा वापरणारा त्यात नव्हता. २०१२ मध्ये तो क्वचितच असेल. २०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या तालुक्यातच असे दोन-तीन जण मला माहीत आहेत.

ज्यांचा पगार कमी त्यांना हा नियम जास्त लागला, हे ओघाने आलंच. ऑक्सफर्डच्या मायग्रेशन ऑब्झर्व्हेटरीच्या हिशोबाप्रमाणे १८,६०० असतानाच ब्रिटनमधले नोकरी करणारे सुमारे चाळीस टक्के ब्रिटिश त्याच्या खाली होते, आणि स्त्रियांमध्ये निम्म्याहून जास्त. म्हणजे १९८५ चा भेदभाव कायद्यातून गेला, पगाराच्या स्लिपेतून परत आला.

खटले झाले. एमएम या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक लेबनीज निर्वासित त्यांतला एक. त्याची मिळकत कमी होती, भाऊ मदत करायला तयार होता, बायको शिकलेली, ती इथं येऊन कमावेल अशी. जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्लेक यांनी नियमातल्या पाच गोष्टी एकत्र मिळून अति जाचक होतात असं म्हटलं. त्या पाचांतली एक, येणाऱ्या जोडीदाराची कमावण्याची ताकद हिशोबातच न धरणं. मी तो परिच्छेद रात्री दीड वाजता वाचला, आणि डिप्लॉयमेंट चालू असतानाही बायकोला फोन केला. तिचं म्हणणं, पुढचं पान वाच. पुढचं पान असं की वर्षभरात अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. २२ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः कायदेशीर आहे. मात्र मुलांच्या हिताचा विचार नियमांत नीट नाही, आणि पैशाचे इतर भरवशाचे मार्ग बघायलाच नकार देणं बरोबर नाही. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये नियमांत नवा मजकूर आला. अपवादात्मक परिस्थितीत, म्हणजे नकारामुळे कुटुंबावर अवाजवी कठोर परिणाम होणार असेल तर, नातेवाइकांची मदत किंवा जोडीदाराची पुढची कमाई विचारात घेता येईल. अपवाद म्हणून. १९१२ च्या ‘कृपा म्हणून’ची आठवण झाली नाही तर नवल.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. अमेरिकेने १९९६ मध्ये आकडा आणला. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, आणि आणणाऱ्याचं सही केलेलं हमीपत्र. पण तिथं येणाऱ्याचा स्वतःचा पगार काही अटींवर धरतात, आणि मुख्य अट अशी की तो पगार आल्यानंतरही त्याच ठिकाणाहून चालू राहिला पाहिजे. लांबून काम करणाऱ्याला बसेल अशी ही अट, जरी तो जन्माला यायच्या आधीची. आणि कॅनडा, ज्याने १९०८ मध्ये २०० डॉलर मागितले, तो आज नवरा किंवा बायको आणणाऱ्या बहुतेक लोकांकडून किमान उत्पन्नाचा आकडा मागतच नाही.

ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं होतं की आकडा थेट ३८,७०० होणार. ओरड झाली, मग टप्प्याटप्प्याने असं ठरलं, पहिला टप्पा २९,०००. जुलै २०२४ मध्ये सरकार बदललं, पुढचे टप्पे थांबले, प्रकरण पुन्हा त्याच सल्लागार समितीकडे गेलं. समितीने जून २०२५ मध्ये अहवाल दिला. ३८,७०० नको असं म्हटलं, आणि २९,००० च्या खालचे काही पर्याय मांडले. आकडा मी हे बोलतोय तोवर तिथंच आहे.

आता राहिला बाबांच्या प्रश्नाचा हिशोब, कारण मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी ‘मग मार्ग काय’ असं विचारलं होतं. माझा पगार चालत नाही, पण बचत चालते. अर्जदाराच्या नावावरचीही चालते. आणि बचत म्हणजे तरी काय, साठलेला पगारच ना. नियमाला पाणी चालत नाही, बर्फ चालतो. सूत्र असं. पहिले १६,००० पौंड मोजायचेच नाहीत, कारण तेवढी बचत असणाऱ्याला तिथला सरकारी भत्ता मिळत नाही. त्याच्या वरची रक्कम अडीचने भागायची, कारण पहिला व्हिसा साधारण अडीच वर्षांचा. जे येईल ते वर्षाचं उत्पन्न धरायचं. कुणाचंच उत्पन्न नसेल तर ८८,५०० पौंड लागतात. पूर्वी ६२,५०० लागायचे.

आमचं बघा. २९,००० वजा तिचे २१,०००, तूट ८,०००. अडीच पट केली, २०,०००. वर ते १६,०००. एकूण ३६,००० पौंड. आजच्या भावाने चाळीस लाखांच्या पुढे. हे पैसे सहा महिने सलग खात्यात राहिले पाहिजेत, मधे एक दिवसही खाली येता कामा नये, आणि आपल्या ताब्यात असले पाहिजेत. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तो वेगळा, व्हिसाची फी वेगळी. नोकरीच्या पगारासोबत बचत जोडता येते. पण तिने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तर त्या उत्पन्नासोबत बचत जोडता येत नाही, हे लक्षात ठेवा. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्जाआधी ताजी नियमावली आणि जाणकार वकील, दोन्ही बघा. मी इतिहास सांगणारा आहे, सल्ला देणारा नाही.

आमच्या खात्यात ती रक्कम पूर्ण झाली १४ तारखेला. बाबांनी मधे विचारलं होतं, नळाची पाइपलाइन पुढच्या बांधीपर्यंत न्यायची आहे, दीड लाख लागतील, तू देतोस का. म्हटलं, सहा महिने थांबा. ते हसले, म्हणाले धान थांबत नसते. मग पाइपलाइनचे पैसे ताईने दिले.